भाऊजींना, निळ्या गाडीबद्दल

४ मार्च

भाऊजी,

नमस्कार. हाताला सवय आहे म्हणून लिहिला, मनापासून नाही.

माझा नंबर तुम्ही बंद करून ठेवलाय, म्हणून कागद. हा फाडता येतो, पण तुम्ही फाडणार नाही. बावीस वर्षं एका ऑफिसात बसून मी तुम्हाला पाहिलंय. जाहिरातीचं पत्रक आलं तरी शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय तुम्ही टोपलीत टाकत नाही.

बातमी अशी की काल माझं वर्ष संपलं. परवाना कार्यालयातल्या बाईंनी माझं ड्रायव्हिंग शिक्षिकेचं कार्ड परत दिलं आणि विचारलं, "पुन्हा शिकवणार?"

"हो."

"त्याच स्कूलमध्ये?"

"त्याच्या समोर," मी म्हटलं.

त्यांना वाटलं मी गंमत करतेय. तुमच्या समोरचा चप्पल-दुरुस्तीवाल्याचा गाळा रिकामा झालाय तो मी घेतलाय. काच पुसून झाली, टेबल आलं. तुमच्या खुर्चीतून मान वर केलीत की मी दिसेन. रोज.

मला वर्षभर घरी कुणी बसवलं हे तुम्हाला सांगायची गरज नाही, तरी लिहिते, कारण लिहिलं की मला बरं वाटतं. त्या नर्सिंगच्या मुलीला शिकवत मी उतारावर होते. पुढे टेम्पो थांबला, पोरीचे हातपाय गारठले, मी माझ्या बाजूचा ब्रेक दाबला आणि पेडल तळाला जाऊन टेकलं. भिंत. पोरीच्या घोट्याचा चुरा. त्या ब्रेकची केबल सैल झालीय हे मी तुम्हाला तीनदा सांगितलं होतं. चौकशीचा साहेब सकाळी आला, त्याच्या आदल्या संध्याकाळी केबल नवी झाली होती. आणि तुम्ही साहेबांना म्हणालात, "वहिनी फोनवर होत्या. दादा गेल्यापासून त्यांचं लक्ष नसतं."

माझ्या नवऱ्याचं मरण तुम्ही साक्षीला उभं केलंत. ब्रेकचं मी एखाद वेळी विसरेन, हे नाही.

असो. आता धंद्याचं. माझी एकच गाडी असणार आणि ती विजेची. नवी परवडत नाही, जुनी बघतेय. "वापरलेली विजेची गाडी म्हणजे वापरलेला टूथब्रश" हे तुमचंच वाक्य. योगायोग बघा, गाडी दातांच्या डॉक्टरांचीच आहे.

वहिनी


१० मार्च

भाऊजी,

गाडी पाहून आले. तुम्हाला कळवल्याशिवाय राहवेना.

फिकट निळी, छोटी, पाच दारांची, दहा वर्षांची. डॉक्टर सत्तरीच्या पुढचे. डोळ्यात पडदा वाढतोय म्हणून गाडी चालवणं सोडताहेत. दवाखाना ते घर आणि घर ते दवाखाना, दिवसाला दहा किलोमीटर. संध्याकाळी आले की तार लावायची, सकाळी पूर्ण भरलेली. दहा वर्षं हेच.

मी विचारलं, "लांब कधी नेली नाहीत?"

"मला लांब कोण बोलावतंय?" ते म्हणाले. "दात दुखणारा माणूस स्वतःच येतो."

चांगला माणूस आहे. सीटखाली पडलेली जुनी पावतीसुद्धा माझ्यासमोर काढून ठेवली, म्हणाले, ही गाडीबरोबर विकायची नाही.

नवी होती तेव्हा एकदा भरली की एकशे ऐंशी किलोमीटर जायची. आता पडद्यावर एकशे दहा दिसतात. एसी लावला की शंभरच्या खाली. बॅटरीची हमी दोन वर्षांपूर्वी संपली. झटपट चार्जिंगचं तिचं भोक जुन्या पद्धतीचं, ते आता फार ठिकाणी मिळत नाही. म्हणजे रात्रभर साध्या प्लगवर लावायची. आमच्या घरमालकांनी तळमजल्यावर प्लग द्यायचं कबूल केलंय.

तुम्ही इथपर्यंत वाचून हसत असाल. आता ऐका. शिकाऊ माणूस दिवसात किती चालवतो? दहा किलोमीटर. सहा जण झाले तर साठ. एकशे दहा मला पुष्कळ झाले. आणि क्लच नाही, गियर नाही, चढावर गाडी मागे येत नाही, चौकात बंद पडून मागच्यांच्या शिव्या खायच्या नाहीत. पाय नुसता उचलला की ती आपोआप मंदावते. घाबरलेला माणूस आधी काय करतो? पाय उचलतो. तुमच्या पेट्रोलच्या गाडीत तो पाय उचलून ओरडतो, या गाडीत पाय उचलला की निम्मं काम झालेलं असतं.

तुमच्याकडून दोन-दोन महिन्यांत रडत परत गेलेल्या सगळ्या बायका मला तोंडपाठ आहेत. शिवणकामवाली, बँकेतली, ती जुळ्यांची आई. त्यांना मी फोन करणार आहे. विनागियरचा परवाना पुरे आहे सगळ्यांना.

शनिवारी बॅटरी तपासणारी मुलगी येणार आहे. मग ठरवेन.

वहिनी


१६ मार्च

भाऊजी,

तपासणी झाली. सोनं आहे हो, सोनं! त्या मुलीने तीन तास घालवले. अशी गाडी मला परत मिळायची नाही. येत्या गुरुवारी डॉक्टरांना पैसे द्यायचे आणि गाडी घरी. फक्त चार दिवस कळ काढायची. तोवर दुसरं कुणी आलं नाही म्हणजे मिळवली, कारण डॉक्टर जाहिरात काढायचं विसरलेत आणि पत्ता त्यात स्पष्ट छापलाय.

मी खरंच खूप दिवसांनी इतकी आनंदात आहे.

वहिनी


२१ मार्च
(हे पत्र मी पेटीत टाकणार नाही.)

भाऊजी,

घेतलीत! बुधवारी सकाळी, मागितलेल्या किमतीपेक्षा वर पैसे देऊन. डॉक्टरांचा मला फोन आला, बिचारे ओशाळले होते. "बाई, ते म्हणाले तुमचे दीर आहेत, घरातच राहील गाडी. आणि तुम्ही तपासून खूश होतात हेही त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी पुन्हा तपासली नाही."

मी म्हटलं, "असू दे, डॉक्टर." आणि फोन ठेवून इतकी हसले की खालच्या मजल्यावरची विचारायला आली.

लग्न होऊन मी या घरात आले त्या वर्षापासून तुम्हाला ओळखते. ताटात काय आहे ते तुम्ही बघत नाही, शेजारच्या ताटात काय आहे ते बघता. तुमच्या दादांनी घेतलेलं घड्याळ, मग तसंच तुम्हाला. दादांचा कोट, मग तोच शिंपी. मला हवी असलेली गाडी तुम्ही मला घेऊ द्याल, हे घडणारच नव्हतं.

तर आता खरं सांगते. इथे कुणी वाचत नाही.

त्या मुलीने स्टिअरिंगखाली एक डबी जोडली आणि फोनवर बॅटरीतले सगळे सेल उभ्या रेघांसारखे दिसू लागले. शहाण्णव रेघा, एका उंचीच्या. पडद्यावर चार्ज शंभर होता तोवर सगळ्या ताठ उभ्या. मग आम्ही गाडी तीन तास फिरवत राहिलो. चाळीसच्या खाली गेल्यावर तिने मला टेकडीच्या चढावर पाय पूर्ण दाबायला सांगितला. आणि एका कोपऱ्यातल्या चार रेघा झपकन खाली बसल्या. पडद्यावर पिवळं कासव आलं. गाडी रांगायला लागली आणि शंभर पावलांवर थांबली. तेव्हा चार्ज छत्तीस दिसत होता. छत्तीस!

"डॉक्टरांना कधी कळलंच नसणार," मुलगी म्हणाली. "नव्वदच्या खाली त्यांनी ही कधी नेलीच नाही. हे चार सेल गेलेत. त्यांचा खण बदलला तर गाडी आणखी पाच-सहा वर्षं चालेल. नाही बदलला तर गर्दीत नेऊ नका. काटा खोटं बोलतोय."

तिने कागदावर सगळं लिहून सही करून दिलं. तो कागद माझ्या पर्समध्ये आहे. तो मी डॉक्टरांना दाखवला नाही. गुरुवारी सांगते म्हटलं, घरी आले आणि तुम्हाला सोन्याचं पत्र लिहिलं.

डॉक्टरांचं वाईट वाटतं. तुमचं अजिबात नाही. भर रस्त्यात उभे राहाल, टो करणाऱ्याला फोन लावाल, स्कूलची पाटी डोक्यावर मिरवत ती गाडी उचलून नेतील आणि मी समोरच्या काचेतून बघेन. एवढंच मला हवंय. वर्षभर घरात बसलेल्या बाईने एवढं मागितलं तर काय बिघडलं?

आणि आता सगळंच खरं लिहायचं तर हेही. त्या दिवशी फोन माझ्या मांडीवर होता. वाजत होता. उचलला नव्हता, पण मी मान खाली घालून नाव वाचलं. नाव तुमचं होतं. पुढचा विद्यार्थी आलाय, गाडी कधी आणताय, हे विचारायला तुम्हीच लावला होता. मी एवढं खाली बघितलं नसतं तर टेम्पो आधी दिसला असता का? माहीत नाही. ब्रेक लागला असता तर हा प्रश्नच पडला नसता, हे मात्र माहीत आहे.


८ एप्रिल, सकाळी
(हातोहात)

भाऊजी,

हे पत्र वाचून होईपर्यंत निळी गाडी बाहेर काढू नका. सोबत बॅटरीच्या तपासणीचा कागद जोडलाय, तारीख बघा, १६ मार्च. गाडीचे चार सेल गेले आहेत. चार्ज चाळीसच्या खाली आणि चढ असला की ती बंद पडते. मला तेव्हापासून माहीत होतं. तुम्ही घ्यावी म्हणूनच मी तसं लिहिलं.

आज का सांगतेय ते ऐका. शुक्रवारी माझ्या जाऊबाईचा फोन आला. वर्षभरात पहिल्यांदा. म्हणाली, "ताई, कुणाला सांगू नका, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. मी गाडी शिकतेय!"

अठ्ठावीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूलवाल्याची बायको बसने फिरली. तुम्ही तिला स्टिअरिंगला हात लावू दिला नाहीत, म्हणायचात हिचे हात कणीक मळायचे. आणि आता विजेच्या गाडीत गियर नाहीत म्हटल्यावर तुम्ही तिला बसू दिलंत. ती फोनवर लहान मुलीसारखी बोलत होती. आरसा कसा लावते, पाय कसा उचलते. म्हणाली, "आत्तापर्यंत तीनच विद्यार्थी होते. सोमवारपासून सहा जण होतील. माझा नंबर सहावा, पैसे देणारे आधी. यांनी सांगितलंय, सोमवारी पुलावर नेईन."

पाच जणांचे पन्नास किलोमीटर एसी लावून झाले की चार्ज कितीवर येतो, हे मला बोटांवर मोजावं लागलं नाही. पूल चढाचा आहे. त्यावर दिवसभर ट्रक असतात.

मी तिला म्हटलं, "छान. आरशात बघत जा." आणि फोन ठेवला.

शुक्रवार गेला, शनिवार गेला, काल रविवार गेला. तीन दिवस मी स्वतःला सांगत होते की हिनेही तोंड उघडलं नव्हतं. मी ब्रेकचं सांगत होते तेव्हा ही आतल्या खोलीत फायली लावत होती, मधे नुसता पडदा. तिन्ही वेळा. साहेब आले तेव्हा तिने त्यांना चहा दिला आणि आत गेली. मग आज मी का बोलायचं?

सकाळी उठले आणि अंगावर कपडे चढवून हे लिहायला बसले. कारण काय, ते लिहिता येत नाही. गाडी काढू नका.

वहिनी


१२ एप्रिल

भाऊजी,

सोमवारी जे झालं ते तुम्ही तुमच्या डोळ्यांनी पाहिलंत. तरी मी ते लिहून ठेवतेय आणि याची दुसरी प्रत माझ्याकडे राहणार आहे. साहेबांसमोर बसलात की तुम्ही पाहिलेलं कसं बदलतं ते मला एकदा कळलंय.

पत्र पर्समध्ये घालून मी दुपारपर्यंत घरातच बसले होते. स्कूलच्या दारात पोचले तेव्हा पाचवा विद्यार्थी उतरत होता आणि जाऊबाई चाकावर बसली होती, खुर्ची पुढे ओढून, दोन्ही हात घट्ट. मी पत्र तुमच्या हातात दिलं. तुम्ही ते शेवटपर्यंत वाचलंत. कागदाची घडी उलगडून तारीखही पाहिलीत. आणि हसलात.

"गाडी हातची गेली म्हणून पोटात दुखतंय वहिनींच्या," तुम्ही म्हणालात. "असले कागद कुणीही छापून देतं."

"भाऊजी, पडद्यावर बघा. किती आहे?"

"एक्केचाळीस. घरी जाऊन परत येईल."

"पुलावर नेऊ नका."

"आता तर पुलावरच नेणार."

मी मागचं दार उघडून आत बसले. तुम्ही म्हणालात, उतरा. मी नाही उतरले. जाऊबाईने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काय झालंय, ताई?" तुम्ही म्हणालात, "काही नाही. चल तू." आणि ती निघाली. खरं सांगू? चांगली चालवत होती. तीन आठवड्यांत कुणी शिकत नाही इतकी चांगली. पाय हलका. पूल येईपर्यंत तिने एकदाही धक्का दिला नाही.

चढ सुरू झाला तेव्हा अडतीस होते. अर्ध्यावर आलो तेव्हा ती म्हणाली, "हे कासव कसलं आलंय?"

"दाब," तुम्ही म्हणालात. "जोरात दाब."

"दाबलाय. पळत नाहीये."

आणि मधल्या लेनमध्ये गाडी थांबली. छत्तीसवर. एकही आकडा इकडेतिकडे नाही.

मागे वाळूचा ट्रक होता. मागच्या काचेत तो मोठा होत होता आणि त्याचा भोंगा आत घुमत होता. जाऊबाईने धोक्याचे दिवे लावले. तिनेच लावले, कुणी सांगितलं नव्हतं. मी दार उघडलं. सीटवर उंचीला कमी पडणाऱ्यांसाठी ठेवलेली ती नारिंगी उशी होती, ती उचलली आणि ट्रकच्या दिशेने पळत सुटले. बावन्न वर्षांची बाई पुलावर मधल्या लेनमध्ये उशी फिरवत पळतेय. ट्रकवाल्याला वाटलं असणार वेडी आहे, पण त्याने ब्रेक मारला. त्याचा ब्रेक लागला. तो तिरका होत, कठड्याला घासत, माझ्यापासून दोन हातांवर थांबला. तोंडात आलेल्या शिव्या त्याने सगळ्या दिल्या आणि मी सगळ्या घेतल्या.

परत वळून पाहिलं तर जाऊबाई उतरून फुटपाथवर उभी होती, माझं पत्र आणि तो कागद हातात घेऊन. तुम्ही अजून आतच होतात. तुमच्या बाजूच्या ब्रेकवर दोन्ही पाय दाबून, थांबलेल्या गाडीत. मी काचेवर टकटक केलं तेव्हा कुठे तुम्ही पाय काढलेत.

मला वाटलं होतं, हा क्षण आला की मी काहीतरी बोलेन. वर्षभर वाक्यं जुळवली होती. एकही आठवलं नाही.

बोलली ती. आवाज चढला नव्हता.

"ब्रेकचं ताईंनी तुम्हाला तीनदा सांगितलं होतं," ती तुम्हाला म्हणाली. "मी पडद्याआड होते. तिसऱ्यांदा तुम्ही म्हणालात, महिनाअखेर बघू. मी साहेबांना सांगितलं नाही. त्या पोरीचा पाय मोडला तरी सांगितलं नाही."

"आत्ता ते कशाला?" तुम्ही म्हणालात.

"आत्ताच." मग ती माझ्याकडे वळली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवायला पुढे झाले होते. ती मागे सरकली. "आणि ताई, तुम्हाला हे सोळा मार्चपासून माहीत होतं? मी फोन केला तेव्हा माहीत होतं?"

मी "हो" म्हणून मान हलवली.

"आणि तुम्ही मला म्हणालात, आरशात बघत जा."

एवढं बोलून ती पुलावरून चालत निघून गेली. आपण दोघं टो करणारी गाडी येईपर्यंत कठड्याशी उभे होतो. दहा पावलांचं अंतर ठेवून. तुम्ही एकदाही माझ्याकडे पाहिलं नाहीत आणि मीही नाही. गाडी उचलताना पाटीसकट उचलली. मला हवं होतं ते दृश्य अगदी तसंच घडलं. मी बघत होते, पण ते मला गोड लागलं नाही. हे तुम्ही खूश व्हावं म्हणून लिहीत नाहीये.

वहिनी


१९ जुलै

भाऊजी,

तुमचं पत्र पोचलं. तुमच्या हातचं मला आलेलं पहिलंच. चार ओळींत तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात, त्यांची उत्तरं देते.

पहिली, तुमच्या बायकोला कार्यालयात मी पाठवलं का? नाही. ती स्वतः गेली, बसने, दोनदा बदलून. ब्रेकचं सांगितलं. मग साहेबांनी विचारलं, आणखी काही? तेव्हा तिने बॅटरीचंही सांगितलं, माझ्या नावासकट. कुणालाही वगळलं नाही. म्हणून तुमचं स्कूल सहा महिने बंद आणि माझ्या कपाळी आणखी तीन महिने, ते या महिनाअखेर संपतील. माझ्यावरचा जुना ठपका मात्र काढला. तसं पत्र मला आलं आणि त्या नर्सिंगच्या मुलीलाही गेलं. मी तिला भेटायला गेले होते. वॉर्डात कामाला लागलीय, जिना एकेक पायरी उतरते. फोन वाजला होता आणि मी मान खाली घातली होती, हेही मी तिला सांगून टाकलं. ती म्हणाली, "ते तुम्ही तेव्हा का नाही सांगितलं?"

डॉक्टरांकडेही गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दारापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "मी दहा वर्षं ती गाडी सांभाळली होती, बाई." दार हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

दुसरी, निळी गाडी घेणार का? तुम्ही लिहिलंय की तीन जणांनी पाहून परत दिली. देणारच. आता तिच्या नोंदीत सगळं आलंय.

मी आठवडाभर विचार केला. राग बाजूला ठेवून करायचा म्हटलं, जमलं नाही, मग रागासकट केला. गाडी दहा वर्षांची. टायर दोन गेलेत. चार्जिंगचं भोक जुनंच आहे आणि जुनंच राहणार. एक खण बदलला तरी बाकीचे सेलही म्हातारेच, आज ना उद्या तेही बसतील. माझ्या हातात जे आहे ते यात गेलं की पुन्हा उभं करायला माझ्याकडे वर्षं नाहीत. न घेण्याला एवढी कारणं.

त्या तपासणाऱ्या मुलीला मी तुमच्या गॅरेजमध्ये पाठवलं होतं, तुम्हाला आठवत असेल. तुम्ही तिला बसायला खुर्ची दिली नाहीत. ती म्हणाली, एका अपघातात गेलेल्या तशाच गाडीतला खण मिळतोय, चांगला आहे. घालून बघितला. मग तिने आणि मी गाडी पूर्ण भरून त्याच पुलावर नेली आणि चार्ज दहावर येईपर्यंत चढ-उतार करत राहिलो. कासव आलं नाही. शंभराच्या वर चार किलोमीटर गेली. रेघा सगळ्या उभ्या. घेण्याला हे एकच कारण, पण ते डोळ्यांनी पाहिलेलं.

तर घेते. माझ्या किमतीला, ती तुम्हाला त्या मुलीने सांगितलीच आहे. ती कमी आहे हे मला माहीत आहे. तुम्हाला दुसरं गिऱ्हाईक नाही हेही मला माहीत आहे. खण आणि टायरचा खर्च त्यातच धरलाय. स्कूलचं नाव दारांवरून खरवडून काढून द्यायचं, तुमच्या हाताने. माणूस लावायचा नाही.

तिसरी गोष्ट तुम्ही सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात बारीक अक्षरात लिहिलीत. तीही वाचली. नाही. माफ केलेलं नाही. साहेबांसमोर तुम्ही माझ्या नवऱ्याबद्दल जे बोललात ते आहे तिथेच आहे. गाडी घेणं वेगळं, ते वेगळं.

वहिनी


३० ऑगस्ट

भाऊजी,

काल तुम्ही दारात उभे होतात म्हणून हे लिहितेय. नंतर लिहिणार नाही.

जाऊबाई माझ्याकडे शिकायला येते हे तुम्हाला तिच्याकडून कळलंच असेल. गोड बोलून आलेली नाही. पहिल्या दिवशी गाळ्यात येऊन उभी राहिली, म्हणाली, "शिकवणारं दुसरं कुणी विनागियरवालं जवळ नाही, म्हणून आले. रोज बसायच्या आधी ब्रेक मी स्वतः दाबून बघणार, आणि रेघा मला दाखवायच्या." मी म्हटलं, दाखवते. ती डबी मी विकत घेतली. रोज सकाळी माझ्या घराखाली तिच्यासमोर जोडते. ती शहाण्णवच्या शहाण्णव मोजते, मग चावी घेते. मला अजून ताई म्हणत नाही. "तुम्ही" एवढंच. रस्त्याबद्दल सोडून दुसरं बोलत नाही. मी कधी बोलायला जाते, मग पुढचं वळण सांगते.

काल तिला पहिल्यांदा आपल्या गल्लीतून नेलं. मी सांगितलं नव्हतं. वळण तिनेच घेतलं. तुमचं शटर अर्धं वर होतं आणि तुम्ही बाहेर खुर्चीवर. गाडीच्या दारावर तुम्ही खरवडलेल्या जागी रंग फिका पडलाय, तो तुम्हाला दिसला असेल. तुम्ही उठलात. थोडं पुढे आलात. आणि हात वर केलात, खांद्याएवढा.

तिने पाहिला नाही. तिची नजर समोर होती, बस उभी होती, एक म्हातारी रस्ता ओलांडत होती. शिकाऊ माणसाने बघावं तिथेच ती बघत होती.

मी पाहिला. मी माझ्या बाजूच्या ब्रेकवर पाय तसाच ठेवून बसले आणि हात हलवला नाही.